बाजारात मिळणाऱ्या मार्माइटनं मुंबईच्या गरोदर बायकांचं रक्त वाचवलं, त्यातूनच पुढं फॉलिक ॲसिड सापडलं

दिवस गेल्याचं कळलं की दवाखान्यातून एक छोटी गोळी हमखास मिळते. फॉलिक ॲसिडची. वाईचा सरकारी दवाखाना असो की मुंबईतलं मोठं हॉस्पिटल, ही गोळी चुकत नाही.

या गोळीची गोष्ट सुरू होते परळमध्ये.

गोष्ट आहे डॉ. लुसी विल्स यांची. जन्म १० मे १८८८, इंग्लंडमधला. केंब्रिजला वनस्पतीशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तिथं नर्सिंगचं काम केलं आणि परत येऊन डॉक्टर व्हायचं ठरवलं. १९२० ला डॉक्टर झाल्या, पण दवाखाना न थाटता प्रयोगशाळेत रमल्या.

१९२८ ला त्या मुंबईला आल्या. बाळंतपणात बायका का मरतात याचा शोध परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये सुरू होता. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी विल्स यांना या कामासाठी बोलावून घेतलं होतं.

परळ म्हणजे गिरणगाव. सातारा, रत्नागिरीकडून पोटासाठी आलेल्या माणसांची वस्ती. गिरणीत राबणाऱ्या, हातातोंडाची गाठ पडणं मुश्किल असलेल्या बायकांना गरोदरपणात एक वेगळाच पंडुरोग व्हायचा. रक्तातल्या लाल पेशी कमी व्हायच्या आणि उरलेल्या भलत्याच मोठ्या दिसायच्या. कित्येक जणी यातच जायच्या.

विल्स यांना आधी जंतूंचा संशय आला. तसं काही सापडलं नाही. मग त्यांनी बायकांच्या ताटात काय असतं ते बघितलं. गरीब मुस्लिम घरांतल्या बायकांचा आहार सगळ्यात निकृष्ट होता आणि आजारही त्यांच्यातच सगळ्यात जास्त होता.

म्हणजे खाण्यातलंच काहीतरी कमी पडत होतं. पण काय?

उंदरांना, माकडांना तसाच आहार देऊन बघितला. उंदरांचे प्रयोग फसवे निघाले, कारण उवांमधून झालेल्या संसर्गानंही त्यांचं रक्त कमी होत होतं. पण माकडांना मार्माइट दिलं आणि त्यांचं रक्त सुधारलं.

मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरलेल्या यीस्टचा अर्क. इंग्रज लोक पावाला लावून खातात तो. औषध म्हणून महागडे अर्क आणण्यापेक्षा दुकानात आधीच मिळणारी ही स्वस्त गोष्ट त्यांनी आजारी बायकांना दिली. थोड्याच दिवसांत नव्या लाल पेशी तयार व्हायला लागल्या. १९३१ ला हे संशोधन छापून आलं.

यीस्टमधल्या त्या अज्ञात घटकाला पुढं विल्स फॅक्टर म्हणायला लागले. १९४१ ला अमेरिकेत पालकाच्या पानांतून हा घटक वेगळा काढला आणि नाव पडलं फॉलिक ॲसिड. १९४५ च्या सुमारास आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमनं तो प्रयोगशाळेत बनवला.

आता हा घटक नक्की करतो काय?

हाडांच्या मगजात सतत नव्या रक्तपेशी बनत असतात. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर डीएनएची नवी प्रत लागते आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड लागतं. ते नसलं की पेशी नुसती फुगते, दुभंगत नाही. परळच्या बायकांच्या पेशी मोठ्या दिसायच्या त्या यामुळंच.

सतत दुभंगणं हाच या पेशींचा कमकुवतपणा. म्हणूनच किरणोत्सर्गाचा किंवा कॅन्सरच्या औषधांचा तडाखा त्यांना फार लवकर बसतो. मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध तर फॉलिक ॲसिडचंच काम अडवतं. त्याचा मोठा डोस दिल्यावर रक्तपेशी वाचवायला ल्युकोव्होरिन देतात, ते फॉलिक ॲसिडचंच एक रूप.

किरणोत्सर्गाच्या बाबतीतही असंच झालं. फिलग्रास्टिम हे केमोथेरपीच्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी वाढवणारं जुनं औषध. २०१५ ला अमेरिकेनं किरणोत्सर्गाचा मोठा मारा बसलेल्यांसाठीही ते मंजूर केलं. नवं औषध शोधत बसण्याआधी हाताशी काय आहे ते बघायचं, ही तीच वाट.

विल्स १६ एप्रिल १९६४ ला गेल्या. २०१९ मध्ये गुगलनं त्यांचं डूडल केलं तेव्हा अनेकांना त्यांचं नाव पहिल्यांदा कळलं. पण त्यांचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून घराघरात पोहोचलं होतं, गरोदर बाईच्या औषधांच्या डबीतून.