ध्वनीला दिशा देणारा अभियंता

पनवेलहून हार्बर मार्गाची लोकल पकडायची, सँडहर्स्ट रोडला उतरायचे आणि पायी चोरबाजारातली मटन स्ट्रीट गाठायची. जुन्या ध्वनियंत्रांचा नाद लागलेल्या माणसाला ही वाट दाखवावी लागत नाही. परतताना पिशवीत कधी गॅरार्डचे टर्नटेबल असते, कधी फिलिप्सचा अ‍ॅम्प्लिफायर, तर कधी कॉस्मिक किंवा सोनोडाइनच्या स्पीकरची जोडी. मग धूळ झटकणे, सैल झालेला रबरी पट्टा बदलणे, नवी सुई बसवणे असे सोपस्कार होतात आणि एका संध्याकाळी ते यंत्र पुन्हा गाऊ लागते. दोन स्पीकरच्या मधोमध, जिथे वस्तुतः काहीच नाही, तिथे गायक उभा राहतो. तबला एका बाजूला, सारंगी दुसऱ्या बाजूला. हा चमत्कार ज्याच्या बुद्धीतून निघाला, त्या अ‍ॅलन ब्लमलाइनचे नाव मात्र अनेक शौकिनांनाही ठाऊक नसते.

अ‍ॅलन डॉवर ब्लमलाइनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे झाला. वडील मूळचे जर्मन, पुढे ब्रिटिश नागरिक झालेले खाण अभियंता. आई दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या एका मिशनऱ्याची कन्या. सातव्या वर्षी या मुलाने घरातली बिघडलेली घंटा दुरुस्त केली आणि स्वतःला विद्युत अभियंता म्हणवून वडिलांना रीतसर बिल दिले, अशी आठवण त्याच्या चरित्रांत आढळते. वाचायला तो बराच उशिरा शिकला. गणित मात्र लवकरच आत्मसात केले. लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयातून पहिल्या वर्गात पदवी घेऊन १९२४ मध्ये तो टेलिफोन क्षेत्रातील एका कंपनीत रुजू झाला. एका तारेवरचे बोलणे शेजारच्या तारेत कसे झिरपते आणि ते कसे रोखावे, हे तिथले त्याचे काम. दोन आवाज एकमेकांपासून वेगळे राखण्याचा हा धडा त्याला आयुष्यभर पुरला.

१९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला. त्या काळी तबकडीवर ध्वनी कोरण्याच्या विद्युत पद्धतीचे पेटंट अमेरिकन कंपनीकडे होते आणि प्रत्येक तबकडीमागे तिला स्वामित्वधन मोजावे लागे. ते टाळून नवी पद्धत शोधण्याची कामगिरी ब्लमलाइनवर सोपवण्यात आली. त्याने सहकाऱ्यांसह ध्वनी कोरणारे नवे यंत्रच घडवले. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’वाली ग्रामोफोन कंपनी यांचे विलीनीकरण होऊन ईएमआय जन्माला आली. कुत्रा आणि भोंग्याचे चित्र असलेल्या ज्या तबकड्या कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यातून आपल्या घरांत पोहोचल्या, त्यांचे मूळ याच घराण्यात आहे.

त्याच वर्षी ब्लमलाइन डोरीन लेन या तरुणीबरोबर चित्रपट पाहायला गेला होता. डोरीन शिक्षिका होती. पुढे १९३३ मध्ये दोघांचा विवाह झाला. पडद्यावर नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात होता, पण त्याचा आवाज एकाच ठिकाणाहून येत होता. ही विसंगती ब्लमलाइनला खटकली आणि तिच्यावर उपाय आपल्यापाशी आहे, असे त्याने डोरीनला तिथेच सांगितले. रंगभूमीवर ही अडचण नसते. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात पुढच्या रांगेत बसलेला प्रेक्षक डोळे मिटूनही सांगू शकतो की नट कोणत्या बाजूने प्रवेशला. कारण सोपे आहे. आवाज एका कानाशी अंमळ आधी आणि दुसऱ्याशी अंमळ नंतर पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो; तरी मेंदू त्यावरून आणि आवाजाच्या कमीअधिक तीव्रतेवरून दिशा ठरवतो. दोन मायक्रोफोनांनी हा फरक टिपायचा आणि दोन स्पीकरांनी तो श्रोत्याच्या कानांपर्यंत पोहोचवायचा, ही ब्लमलाइनची कल्पना.

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. क्रमांक ३९४३२५ च्या या पेटंटमध्ये तब्बल ७० दावे आहेत. मायक्रोफोनांच्या मांडणीपासून चित्रपटातील ध्वनीपर्यंत सारे त्यात आले. त्यातला आपल्या शौकिनांना सर्वांत जवळचा भाग तबकडीचा. एका खाचेत दोन ध्वनी बसवायचे कसे? ब्लमलाइनने खाचेच्या दोन भिंती प्रत्येकी ४५ अंशांत कलत्या, म्हणजे परस्परांशी काटकोनात कल्पिल्या आणि एकेका भिंतीवर एकेक ध्वनी कोरला. सुई एकच, पण ती आडवीही हलते आणि वरखालीही, आणि त्या दुहेरी हालचालीतून दोन्ही ध्वनी वेगळे काढता येतात.

जानेवारी १९३४ मध्ये अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचा मोझार्टच्या ‘ज्युपिटर’ सिम्फनीचा सराव या पद्धतीने मुद्रित झाला. १९३५ मध्ये हेज स्थानकावरून जाणाऱ्या आगगाड्यांचा एक छोटा चित्रपटही तयार झाला. त्यात गाडीबरोबर आवाजही पडद्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो. पण काळ मंदीचा होता. लाखेच्या तबकड्यांची खरखर मोठी, अवधी चार-पाच मिनिटांचा. एक स्पीकर घेणे जिथे चैनीचे होते, तिथे दोन कोण घेणार? कंपनीने प्रकल्प बाजूला ठेवला आणि ब्लमलाइनला दूरचित्रवाणीच्या कामाला लावले. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने लंडनमध्ये नियमित दूरचित्रवाणी सुरू केली, त्या ४०५ रेषांच्या यंत्रणेच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा होता.

दुसऱ्या महायुद्धात तो रडारकडे वळला. रात्रीच्या अंधारात आणि ढगांआडूनही खालच्या भूभागाचे चित्र दाखवणाऱ्या ‘एचटूएस’ या रडारची चाचणी सुरू होती. ७ जून १९४२ रोजी त्या चाचणीसाठी निघालेले हॅलिफॅक्स विमान हेरफर्डशायरमध्ये कोसळले. विमानातील अकराही जण ठार झाले. त्यांत ब्लमलाइन आणि ईएमआयमधील त्याचे दोन सहकारी होते. इंजिनातील एक नट नीट आवळला गेला नव्हता, त्यातून आग लागली, असा निष्कर्ष पुढे निघाला. ब्लमलाइन तेव्हा अवघा ३८ वर्षांचा होता. मागे पत्नी आणि दोन लहान मुले राहिली. रडारचे गुपित राखायचे म्हणून या मृत्यूची वाच्यताही दीर्घकाळ झाली नाही. ज्याच्या नावावर १२८ पेटंटे होती, त्याला वेळेवर मृत्युलेखसुद्धा लाभला नाही.

१९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. खाचेची रचना तीच, ४५ अंशांच्या दोन भिंतींची. तोवर त्याच्या पेटंटची मुदत संपलेली होती. ज्या दिवाणखान्यांसाठी त्याने हे सारे योजले, तिथे स्टिरिओ वाजताना ऐकणे त्याच्या नशिबी नव्हते. दखल घेतली गेली ती फार उशिरा. २०१७ मध्ये त्याला मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी देण्यात आले.

जुने यंत्र विकत घेताना त्याची आठवण ठेवण्याचा एक उपयुक्त मार्ग आहे. स्टिरिओ तबकडी लावून बॅलन्सचे बटण आधी पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे फिरवावे. एकीकडे आवाज नाहीसा झाला, तर खाचेच्या एका भिंतीवरचे गाणे आपल्यापर्यंत पोहोचत नाही असे समजावे. बिघाड बहुधा वायरीत, जोडणीत किंवा सुईमागच्या कार्ट्रिजमध्ये असतो आणि तो पुष्कळदा दुरुस्त होतो. जुन्या मोनो यंत्रावर मात्र स्टिरिओ तबकडी लावू नये; त्याची सुई वरखाली सहज हलत नाही आणि भिंती खरवडून काढते. एवढी काळजी घेतली, सैल स्क्रू आवळले, की पनवेलच्या एखाद्या सदनिकेतही रात्रीच्या शांततेत ते दोन ध्वनी वेगवेगळे निघतात आणि श्रोत्याच्या समोर येऊन एक होतात. सिनेमागृहातल्या खुर्चीत बसून ब्लमलाइनने डोरीनला दिलेला शब्द तिथे खरा होतो.