डॉ. आयडा स्कडर : एका रात्रीच्या तीन हाका

पवित्र शास्त्राच्या वाचकांस राहेलीचा शेवट ठाऊक आहे. एफ्राथाच्या वाटेवर तिला वेणा लागल्या, प्रसूति कठीण झाली, मूल जगलें आणि आई गेली. याकोबानें तिच्या थडग्यावर स्तंभ उभा केला. आपल्या खेड्यापाड्यांतील बाळंतिणींच्या थडग्यांवर कोणी स्तंभ उभे केले नाहींत. परंतु अशीं थडगीं किती होतीं हें वडील मंडळींस सांगावें लागत नाहीं. पुष्कळांनीं तें दैवाचें लिहिणें म्हणून मुकाट्यानें सोसलें. तें दैव नव्हे, असें ज्या बाईंनीं आपल्या सर्व आयुष्यानें दाखवून दिलें, त्या वेलोरच्या डॉ. आयडा स्कडर यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आयडाबाईंचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजीं मद्रास इलाख्यांतील राणीपेट येथें झाला. त्यांचे आजोबा डॉ. जॉन स्कडर हे १८१९ सालीं न्यूयॉर्कमधील चांगला चाललेला वैद्यकीचा धंदा सोडून सिलोनांत आले. अमेरिकेंतून परदेशीं गेलेले ते पहिले वैद्य मिशनरी. त्यांच्या पुत्रांनींही हिंदुस्थानांत सेवा केली, आणि आयडाबाईंचे वडील, दुसरे डॉ. जॉन स्कडर, हे अर्काट मिशनांत वैद्य व उपदेशक असें दुहेरी काम करीत. अनेक भावांच्या पाठीवर झालेली ही एकुलती एक मुलगी.

१८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ मद्रास इलाख्यांत व आपल्या दक्षिणेंतही पडला, तेव्हां आयडाबाई सहासात वर्षांच्या होत्या. भुकेनें गळून गेलेल्या मुलांस भाकरीचा तुकडा हातीं धरण्याचीही शक्ति उरली नव्हती. ही लहान मुलगी तो त्यांच्या तोंडांत घाली. तें दृश्य त्यांच्या मनांतून कधींच गेलें नाहीं. पुढें कुटुंब अमेरिकेस गेलें. कांहीं काळानें वडील कामावर परतले, मागून आईही गेली, आणि वाढत्या वयाची मुलगी नातलगांकडे राहिली. आईबापांचा असा वियोग सोसलेल्या मुलीस मिशनकार्याची आवड कोठून असणार? मूडी साहेबांनीं नॉर्थफील्ड येथें स्थापलेल्या शाळेंत त्या शिकल्या. पण आपण हिंदुस्थानांत मिशनरी म्हणून कधींही जाणार नाहीं, हें त्यांनीं मनाशीं पक्कें केलें होतें. उष्णता, धूळ, दुष्काळ व एकाकीपणा यांपासून दूर, आपल्या देशांत सुखानें संसार करावा, एवढीच त्यांची इच्छा होती. योना जसा तार्शीशाच्या तारवांत बसला, तशीच ही तरुणी आपल्या वाटेनें निघाली होती.

१८९० सालीं आई आजारी असल्याचें कळल्यावरून त्या शुश्रूषेसाठीं तिंडिवनम येथें आल्या. आईस बरें वाटलें कीं परत जावयाचें, असा त्यांचा बेत होता.

तेथें एके रात्रीं त्या दिव्याजवळ बसल्या असतां एक तरुण ब्राह्मण दारीं आला. त्याची अल्पवयी पत्नी बाळंतपणांत अडली होती आणि सुइणीनें हात टेकले होते. आयडाबाईंनीं सांगितलें कीं मला वैद्यकी येत नाहीं. माझे वडील वैद्य आहेत, त्यांस घेऊन जा. परंतु परपुरुषानें आपल्या स्त्रीला पाहणें त्याच्या रीतींत बसेना. तो खालीं मान घालून निघून गेला. थोड्या वेळानें पुन्हां पावलें वाजलीं. या वेळीं एक मुसलमान गृहस्थ आला होता. त्याची पत्नीही अडली होती, आणि घरच्या पुरुषांखेरीज दुसऱ्या पुरुषानें तिचें तोंड पाहूं नये असा त्याच्याकडील पडदा होता. तोही रिकाम्या हातीं परतला. नंतर तिसरा मनुष्य आला, तो हिंदु होता. त्याचें मागणें तेंच व त्यास मिळालेलें उत्तरही तेंच.

त्या रात्रीं आयडाबाईंस झोप आली नाहीं. सकाळीं गांवांतून प्रेतयात्रेचें वाद्य कानीं आलें. नोकरास चौकशीस पाठविलें. त्यानें येऊन सांगितलें कीं तिघीही गेल्या. मंदिरांत निजलेल्या बाल शमुवेलास रात्रीं वारंवार हाक आली, आणि ती कोणाची हें त्यास प्रथम समजलें नाहीं. आयडाबाईंस मात्र त्या सकाळीं समजलें. त्यांनीं खोलीचें दार लावून प्रार्थना केली, आणि बाहेर येऊन आईबापांस सांगितलें कीं मी अमेरिकेंत जाऊन वैद्यकी शिकेन व या देशांतील स्त्रियांसाठीं परत येईन.

येथें आपण थोडें थांबूं. प्रसूतींत स्त्री दगावते ती बहुधा ठराविक कारणांनीं. मूल आडवें असतें, किंवा आईची कटि लहान असून मूल बाहेर येऊं शकत नाहीं. लहान वयांत लग्न झालेल्या मुलींत हें अधिक घडतें. कधीं वार पडत नाहीं किंवा गर्भाशय आकसत नाहीं, आणि रक्त वाहून घटकाभरांत प्राण जातो. कधीं रक्ताचा दाब वाढून झटके येतात. लोक त्यास बाहेरची बाधा समजत. कधीं अस्वच्छ हातांनीं विष आंत जाऊन चारपांच दिवसांनीं बाळंतज्वर येतो. यांपैकीं पुष्कळ संकटांवर त्या काळींही वैद्याजवळ इलाज होता. वैद्य हांकेच्या अंतरावर होता. पण तो पुरुष होता, म्हणून त्या घरांस तो नसल्यासारखाच होता. हें वाचून कोणी ख्रिस्ती वाचकानें स्वतःस शहाणें समजूं नये. लाजेनें किंवा खर्चाच्या भीतीनें आपल्या बायकोस उशिरां दवाखान्यांत नेणारे पुरुष आपल्या मंडळ्यांतही झाले आहेत.

१८९५ सालीं आयडाबाईंनीं फिलाडेल्फिया शहरांतील पेनसिल्व्हेनिया स्त्री-वैद्यक विद्यालयांत नांव घातलें. आपल्या महाराष्ट्राचा या विद्यालयाशीं जुना ऋणानुबंध आहे. आपलें दहा दिवसांचें मूल गमावल्यावर वैद्यकीकडे वळलेल्या आनंदीबाई जोशी येथूनच १८८६ सालीं पदवीधर झाल्या. दुर्दैवानें पुढच्याच वर्षीं त्या पुण्यास वारल्या. १८९२ सालीं तेथूनच आपल्या ख्रिस्ती भगिनी डॉ. गुरुबाई करमरकर यांनीं पदवी मिळविली, आणि अमेरिकन मराठी मिशनाच्या द्वारें मुंबईंत पुष्कळ वर्षें स्त्रियांची सेवा केली. आयडाबाई शेवटच्या वर्षीं कॉर्नेल विद्यालयांत गेल्या, कारण तें नुकतेंच स्त्रियांस खुलें झालें होतें, आणि १८९९ सालीं त्यांस वैद्यकीची पदवी मिळाली.

परत येण्यापूर्वीं वेलोर येथें स्त्रियांच्या इस्पितळासाठीं आठ हजार डॉलर जमविण्याचें काम त्यांच्यावर आलें. एका बाईंच्या घरीं त्या आपली हकीकत सांगत होत्या, ती त्या बाईंचे आप्त शेल नांवाचे वृद्ध पेढीवाले यांनीं शेजारच्या खोलींतून ऐकली. त्यांनीं आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ एकट्यानेंच दहा हजार डॉलर दिले.

१९०० सालच्या आरंभीं आयडाबाई हिंदुस्थानांत उतरल्या. वडिलांच्या हाताखालीं कांहीं वर्षें शिकावें असें त्यांनीं योजिलें होतें. परंतु त्याच वर्षीं वडील वारले. नव्या, अननुभवी डॉक्टरीणबाईवर लोकांचा भरंवसा नव्हता. प्रथम रोगी येईनात. बंगल्यांतील एका लहानशा खोलींत त्यांनीं औषधें मांडलीं, आणि हळूहळू एक एक स्त्री येऊं लागली. दोन वर्षांत पांच हजार रोगी त्यांच्या हातांखालून गेले. १९०२ सालीं चाळीस खाटांचें मेरी टेबर शेल इस्पितळ उघडलें. ज्यांची पत्नी कधींच परतणार नव्हती, त्या शेल साहेबांच्या पैशानें इतरांच्या पत्न्या घरीं परतूं लागल्या.

परंतु चाळीस खाटा म्हणजे समुद्रांतील ओंजळ. दूरच्या गांवची बाई बैलगाडींतून येईपर्यंत वेळ टळून जाई. म्हणून आयडाबाईंनीं इस्पितळच रस्त्यावर नेलें. प्रथम बैलगाडींतून व १९०९ सालापासून मोटारींतून त्या ठराविक वारीं गुडियात्तमच्या रस्त्यानें जात, आणि वाटेंत झाडांखालीं जमलेल्या लोकांस औषध देत, गळवें फोडीत, डोळे धूत. ज्या स्त्रीस मोठ्या उपचाराची गरज असे तिला इस्पितळांत घेऊन येत.

दुसरी गोष्ट त्यांस लवकरच कळून आली. एका डॉक्टरीणबाईनें रात्रंदिवस हात चालविले तरी लक्षावधि स्त्रियांस ती पुरी पडणार नाहीं. देशांतल्याच मुलींनीं हें काम शिकलें पाहिजे. १९०९ सालीं त्यांनीं परिचारिकांची शाळा काढली. त्या वेळीं रोग्याची घाण काढणें हें हलकें काम समजत, आणि चांगल्या घरच्या मुली त्यांत येत नसत. ज्यांनीं प्रथम तें काम पत्करिलें त्यांत ख्रिस्ती मुलीच बहुत होत्या. प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले, हें ज्यांनीं ऐकिलें होतें त्यांस तें काम हलकें कसें वाटावें?

पुढें मुलींसाठीं वैद्यकशाळा काढण्याचा त्यांनीं बेत केला. सरकारी वैद्यकखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यास वाटलें कीं तीन अर्ज आले तरी पुष्कळ. अर्ज आले १५१. १२ ऑगस्ट १९१८ रोजीं १७ मुलींनिशीं शाळा सुरू झाली. पहिल्या वर्षाच्या सरकारी परीक्षेस १४ मुली बसल्या. पुरुषांच्या शाळांतून पांचांत एकच उतरला होता. वेलोरच्या चौदाही मुली उत्तीर्ण झाल्या. ज्यांस दुबळ्या म्हटलें जाई त्यांनीं तोंडानें उत्तर न देतां कामानें दिलें.

आयडाबाईंच्या वृद्धापकाळीं एक मोठी कसोटी आली. १९३८ च्या सुमारास मद्रास सरकारनें ठरविलें कीं यापुढें वैद्यकीचें शिक्षण विद्यापीठाच्या पदवीचेंच असावें. वेलोरची शाळा त्याहून खालच्या परीक्षेची होती. ती पदवीपर्यंत वाढवावयाची तर अध्यापक, इमारती व पैसा पाहिजे होता. सर्व मिशनांनीं मिळून एकच कॉलेज चालवावें व त्यांत मुलांसही घ्यावें, असा विचार निघाला. जें कार्य केवळ स्त्रियांसाठीं उभें केलें, ज्यासाठीं स्त्रियांनीं पै पै जमविली, तें असें बदलूं देणें त्यांच्या जुन्या सोबतिणींस रुचेना. आयडाबाईंसही तें सोपें नव्हतें. परंतु कार्य आपलें नसून प्रभूचें आहे, हें जाणून त्यांनीं पुष्कळ विचारान्तीं संमति दिली, आणि सत्तरी उलटली असतांही महायुद्धाच्या दिवसांत अमेरिकेंत गांवोगांव फिरून वर्गणी गोळा केली. १९४२ सालीं पदवीचा वर्ग सुरू झाला व १९४७ सालीं मुलांस प्रवेश मिळाला. त्याच सुमारास आयडाबाईंनीं कारभार सोडला, आणि पुढें डॉ. हिल्डा लाझरस या हिंदी ख्रिस्ती बाई त्या संस्थेच्या प्रमुख झाल्या. मे १९६० मध्यें कोडाईकनालच्या टेकडीवरील आपल्या घरीं, वयाच्या ८९ व्या वर्षीं, आयडाबाई प्रभूमध्यें निजल्या. एका खोलींत लाविलेला त्यांचा दवाखाना आज भारतांतील नामांकित इस्पितळांपैकीं एक आहे.

वाचकहो, चरित्र वाचून सुस्कारा टाकणें सोपें आहे. त्याचा आपल्या घरीं उपयोग करावा हें बरें. सरकारच्या २०१८ ते २० च्या पाहणीप्रमाणें भारतांत दर लाख जिवंत जन्मांमागें ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रांत ३३. पूर्वीच्या मानानें हें फार थोडें आहे. परंतु ज्या घरची आई जाते त्या घरास आंकड्याचें समाधान नसतें.

म्हणून मुलीस अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून तिचें लग्न लावूं नये. कायदाही तेंच सांगतो. तिला मुलाइतकेंच जेवूं घालावें, कारण रक्त कमी असलेली मुलगी पुढें बाळंतपणांतील थोडाही रक्तस्राव सोसूं शकत नाहीं. दिवस गेल्याबरोबर नांव नोंदवावें, रक्ताचा दाब तपासावा, धनुर्वाताची सुई व लोहाच्या गोळ्या घ्याव्या. डोकें फार दुखणें, चेहऱ्यावर सूज, डोळ्यांपुढें अंधारी किंवा अंगावरून रक्त जाणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर त्याच घटकेस दवाखाना गांठावा. बाळंतपण दवाखान्यांत व्हावें. बाळंतिणीस ताप आला तर त्यास ऋतूचा ताप म्हणूं नये.

वयस्क बायांविषयींही एक शब्द. मुलें झालीं कीं स्त्रीच्या शरीराचें काम संपलें, असें पुष्कळ घरीं समजतात. अंग बाहेर येणें, पाळी जाण्याच्या वयांत अतोनात रक्तस्राव होणें, हीं दुखणीं त्या वर्षानुवर्षें पदराखालीं झांकून ठेवितात. पाळी गेल्यावर वर्षानें पुन्हां रक्त दिसलें तर तपासून घेण्यास एक दिवसही लावूं नये. तो कधीं कर्करोगाचा आरंभ असतो, आणि आरंभीं तो बरा होऊं शकतो. बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली ती स्त्री लाजेनें गर्दींत लपून आली होती. प्रभूनें तिला रागें भरलें नाहीं, तर सर्वांसमक्ष मुलगी म्हणून हाक मारिली. ज्या दुखण्याची प्रभूस लाज वाटली नाहीं, त्याची आपण कां बाळगावी?

गांवोगांवच्या उपदेशकांस व त्यांच्या पत्नींस आमची विनंति आहे कीं आपल्या मंडळींत कोण गरोदर आहे, तिचा कितवा महिना आहे, आणि रात्रीं वेळ आली तर वाहन कोणाचें मिळेल, हें त्यांनीं ठाऊक करून ठेवावें. तिंडिवनमच्या दारावर त्या रात्रीं तीन पुरुष आले, आणि घरांत प्रेमळ अंतःकरण असूनही तयार हात नव्हता. आपल्या दारावर हाक येईल तेव्हां आपला हात तयार असो.