युलियुश कोसाक
युलियुश कोसाक (१८२४ - ३ फेब्रुवारी, १८९९) हे घोडे, घोडेस्वार व लढाया यांच्या जलरंगचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले पोलिश चित्रकार होते. त्यांचा जन्म नोवी विश्नीच येथे झाला. ल्वूफ (सध्याचे ल्विव्ह, युक्रेन) येथे कायद्याचे शिक्षण घेत असतानाच ते यान माश्कोव्स्की यांच्याकडे चित्रकला शिकले. पोडोलिया प्रांतातील जमीनदारांकडे राहून त्यांनी तेथील घोड्यांचा बारकाईने अभ्यास केला. पॅरिस, वॉर्सा व म्युनिक येथील वास्तव्यानंतर ते १८६९ मध्ये क्राकुफ येथे स्थायिक झाले. त्या काळी पोलंड रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्यात वाटला गेला होता. अशा वेळी नामशेष झालेल्या राज्याच्या घोडदळाची स्मृती त्यांच्या चित्रांनी जिवंत ठेवली. पुत्र वोयचेख व नातू येजी यांनीही हीच परंपरा पुढे चालवली.