बाटलीतच नापास झाला असता तो!

सर्वप्रथम एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की हात थरथरतो. संपादक मंडळाने दोनदा रूमवर येऊन पिच्छा पुरवला म्हणून हे धाडस. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पदरात घ्याव्यात ही विनंती!

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये एक इंग्रजी कादंबरी फिरत होती. कव्हर फाटलेलं, मधली काही पानं गायब. भविष्यातलं एक उद्ध्वस्त शहर, आणि त्यात प्रयोगशाळेत जनुकं बदलून तयार केलेली एक मुलगी. ती वाऱ्यासारखी पळते, अंधारात बघते, आणि कायदा ज्यांना हात लावत नाही अशा गुंडांना रात्री एकटीच धडा शिकवते. सबमिशन बाजूला ठेवून दोन रात्रींत संपवली. रूममेट म्हणाला, आपल्यालाही असं करून मिळायला पाहिजे राव, केटीचं टेन्शनच नको!

मी हसलो, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या मुलीला कोणी विचारलं होतं का, की तुला असं व्हायचंय का म्हणून?

आणि दुसरी गोष्ट जरा पर्सनल आहे. माझ्या चष्म्याचा नंबर मायनस सात. बारावीनंतर मला मर्चंट नेव्हीत जायचं होतं. मेडिकलला डॉक्टरांनी चष्मा काढायला लावला आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. अक्षरं सोडा, मला तक्ताच दिसेना. पाच मिनिटांत बाहेर. कागदावर 'अनफिट'. घरी येताना एसटीत मी कोणाशी एक शब्द बोललो नाही. माणसं आधीच निवडून, चांगली बनवून काढायची ठरली, तर माझ्यासारख्यांचं काय?

हे मी आमच्या ग्रंथालयातल्या सरांना विचारलं. त्यांनी काही न बोलता मागच्या कपाटातून एक जुनं पुस्तक काढून दिलं. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', लेखक ऑल्डस हक्सले. पुस्तक आवडलंच, पण त्याहून जास्त आवडला तो माणूस. त्याचीच ही गोष्ट.

मोठ्या घरातला धाकटा

हक्सलेचा जन्म २६ जुलै १८९४ रोजी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, गोडाल्मिंग या गावी झाला. घराणं म्हणजे एकदम टॉपर लोकांचं. आजोबा थॉमस हेन्री हक्सले हे मोठे जीवशास्त्रज्ञ. डार्विनच्या उत्क्रांतिवादासाठी ते सगळ्या इंग्लंडशी भांडले. आई ज्युलिया ही कवी मॅथ्यू अरनॉल्डची पुतणी. तिने मुलींसाठी शाळा काढली होती. थोरला भाऊ ज्युलियन पुढे जीवशास्त्रज्ञ आणि १९४६ मध्ये युनेस्कोचा पहिला महासंचालक झाला. सावत्र भाऊ अँड्र्यूला १९६३ मध्ये नोबेल मिळालं. अशा घरात जन्मलेल्या मुलाकडून काय अपेक्षा असतील, ते शेजारच्या काकूंचा मुलगा आयआयटीत असलेल्या प्रत्येकाला कळेल!

ऑल्डसला डॉक्टर व्हायचं होतं. पण १९०८ मध्ये, तो चौदा वर्षांचा असताना, आई कॅन्सरने गेली. तेव्हा तो ईटनच्या प्रसिद्ध शाळेत नुकताच दाखल झाला होता. आणि १९११ मध्ये डोळे गेले. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला सूज येण्याचा आजार झाला आणि काही आठवड्यांत तो जवळजवळ आंधळा झाला. शाळा सुटली, आणि डॉक्टर व्हायचं स्वप्नही सुटलं. सूक्ष्मदर्शकात बघायला डोळे लागतात ना!

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. आपण असतो तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो असतो. हा ब्रेल शिकला. पियानो शिकला, एका हाताने ब्रेलमधली सुरावट चाचपायची आणि दुसऱ्या हाताने वाजवायची. न दिसता टाइप करत एक अख्खी कादंबरी लिहिली. ती हरवली, त्याला स्वतःला ती कधी वाचायला मिळाली नाही. आणि ब्रेलचा एक फायदाही तो गमतीने सांगायचा. थंडीत हात पांघरुणाच्या आत ठेवून वाचता येतं. (रेक्टरसाहेबांनी दिवे घालवल्यावर आपल्यालाही उपयोगी पडेल!)

दीड-दोन वर्षांनी थोडी दृष्टी परत आली. एका डोळ्याला जेमतेम उजेड कळायचा, दुसऱ्याने भिंग धरून वाचता यायचं. तेवढ्यावर तो ऑक्सफर्डच्या बॅलियल कॉलेजात गेला आणि १९१६ मध्ये इंग्रजी साहित्यात प्रथम वर्गात पास झाला. मधल्या काळात अजून एक घाव बसला. मधला भाऊ ट्रेव्हेनन याने १९१४ मध्ये आत्महत्या केली. हुशार, सगळ्यांचा लाडका मुलगा. घराण्याच्या अपेक्षांचं ओझं त्याला झेपलं नाही, असं चरित्रकार म्हणतात. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या आपण सगळ्यांनी या ओळीपाशी मिनिटभर थांबावं असं मला वाटतं.

पहिल्या महायुद्धात ऑल्डस सैन्यात भरती व्हायला गेला. डोळ्यांमुळे परत पाठवला. म्हणजे त्याच्याही कागदावर 'अनफिट'! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून खरंच थोडा वेळ बसून राहिलो.

मुंबई, जहाज आणि फोर्ड

पोटासाठी त्याने ईटनमध्येच काही काळ मास्तरकी केली. सहा फूट चार इंच उंची, जाड भिंगांचा चष्मा, मागच्या बाकावरचं काहीच दिसत नाही. पोरांनी वर्गात काय धुमाकूळ घातला असेल ते सांगायला नको. पण त्याच्याकडे फ्रेंच शिकणाऱ्यांत एरिक ब्लेअर नावाचा एक विद्यार्थी होता. हाच पुढे जॉर्ज ऑरवेल या नावाने '१९८४' लिहिणार होता. जगातल्या दोन सगळ्यात गाजलेल्या भयभविष्याच्या कादंबऱ्या एकाच वर्गातून निघाल्या म्हणायच्या.

१९१९ मध्ये त्याने मारिया नीस या बेल्जियन मुलीशी लग्न केलं. महायुद्धात ती निर्वासित म्हणून इंग्लंडला आली होती. पुढची पस्तीसेक वर्षं ती त्याचे डोळे झाली. गाडी ती चालवायची, टायपिंग ती करायची, त्याला वाचूनही दाखवायची. १९२१ मध्ये पहिली कादंबरी आली आणि पाठोपाठ नाव झालं.

१९२५ मध्ये दोघं जगप्रवासाला निघाले आणि बोटीने आपल्या मुंबईत उतरले. मुंबईच्या इमारती त्याला अजिबात आवडल्या नाहीत. पुढे ताजमहालालाही त्याने नावं ठेवली! त्या वर्षीचं काँग्रेसचं कानपूर अधिवेशनही त्याने पाहिलं. 'जेस्टिंग पायलट' या १९२६ च्या प्रवासवर्णनात हे सगळं आहे. ते वाचताना आपल्याला राग येतो, पण माणूस तोंडदेखलं लिहीत नव्हता एवढं नक्की.

या प्रवासात जहाजावरच्या लायब्ररीत त्याच्या हाती हेन्री फोर्डचं आत्मचरित्र लागलं. मेकॅनिकलवाल्यांना फोर्ड सांगायला नको. असेंब्ली लाइन, एकसारखे पार्ट, प्रत्येक कामगाराला एकच काम, आणि मोटार स्वस्त. हक्सलेच्या डोक्यात प्रश्न आला की हीच पद्धत माणसांवर वापरली तर?

त्या काळात हा प्रश्न नुसता कल्पनेतला नव्हता. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९२४ मध्येच एका छोट्या पुस्तकात, पुढे मुलं आईच्या पोटाबाहेर वाढवता येतील असं लिहिलं होतं. (हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) 'चांगल्या' लोकांनी जास्त मुलं जन्माला घालावीत आणि 'कमी प्रतीच्या' लोकांनी कमी, अशा विचाराला तेव्हा सुप्रजननशास्त्र म्हणत, आणि भलेभले लोक तो मानत. ज्युलियन मानायचा. आणि खरं सांगायचं तर ऑल्डससुद्धा काही प्रमाणात मानायचा! आपल्या हिरोची ही बाजू लपवण्यात अर्थ नाही.

चार महिन्यांत एक जग

१९३१ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सानारी या गावात बसून त्याने सुमारे चार महिन्यांत 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' लिहिली. १९३२ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

त्या जगात सालसुद्धा फोर्डच्या मोटारीपासून मोजतात. आई-बाप हे शब्द शिवीसारखे. माणसं बाटल्यांत तयार होतात आणि बाटल्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकत राहतात. वाटेतच ठरतं, कोण अल्फा, कोण बीटा, कोण एप्सिलॉन. खालच्या वर्गाच्या बाटलीला ऑक्सिजन मुद्दाम कमी देतात, म्हणजे मेंदू वाढायलाच नको. एका बीजापासून शहाण्णव जुळी निघतात आणि ती शहाण्णव सारखी यंत्रं चालवतात. झोपेत कानाशी धडे वाजवतात, त्यामुळे प्रत्येकाला आपलाच वर्ग बेस्ट वाटतो. तरीही कधी मन उदास झालंच, तर 'सोमा' नावाची गोळी! हे नाव त्याने आपल्या वेदांतल्या सोमरसावरून घेतलं.

लक्षात घ्या, डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडली. म्हणजे ही कादंबरी तिच्याआधी एकवीस वर्षं प्रसिद्ध झाली. त्यात जनुकं बदलणं नाही, रसायनं आणि सवयी लावणं आहे. पण आज आपण वाचतो त्या सगळ्या 'सुधारलेल्या' हिरो-हिरॉइन याच बाटल्यांच्या नाती-पणत्या आहेत.

एक फरक मात्र मोठा आहे. आपल्या कादंबरीतली मुलगी बंड करते, मारामारी करते, जिंकते. हक्सलेच्या जगात असं कोणी जिंकत नाही. बाहेरून आलेला जॉन नावाचा मुलगा दुःखी होण्याचा हक्क मागतो आणि शेवटी गळफास घेतो. बाकीच्यांना बंड करावंसंच वाटत नाही, कारण ते सुखात आहेत. मला हे जास्त भीतिदायक वाटलं. १९४९ मध्ये ऑरवेलने आपलं '१९८४' या जुन्या सरांना पाठवलं, तेव्हा सरांनी कौतुक केलं, पण पत्रात हेच कळवलं की पुढच्या काळातल्या सत्ताधाऱ्यांना लोकांना लाथा घालण्यापेक्षा गुलामीच गोड वाटायला लावणं सोपं जाईल.

आणि आता मुख्य मुद्दा. त्या कारखान्यात ऑल्डस हक्सले स्वतः पास झाला असता का? डोळे असे, तब्येत तोळामासा. पहिल्याच तपासणीत त्याची बाटली पट्ट्यावरून उचलून बाजूला ठेवली असती. सुप्रजननावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने असा कारखाना रंगवावा ज्यात त्याला स्वतःलाच जागा नाही! मला वाटतं, लिहिता लिहिता त्याचंच मन त्याच्याशी भांडत असावं.

अमेरिका आणि शेवट

१९३७ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि कॅलिफोर्नियात राहिला. हॉलिवूडसाठी पटकथा लिहिल्या. जे. कृष्णमूर्तींशी त्याची मैत्री झाली, रामकृष्ण परंपरेतल्या स्वामी प्रभवानंदांकडे तो वेदान्त ऐकायला जायचा. १९४४ मध्ये त्यांच्या गीतेच्या इंग्रजी भाषांतराला त्याने प्रस्तावना लिहिली. ज्या देशाला नावं ठेवली, त्याचंच तत्त्वज्ञान वीस वर्षांनी त्याने डोक्यावर घेतलं.

१९५३ नंतर त्याने मनाची दारं उघडतात का बघायला मादक द्रव्यांचे प्रयोगही केले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. मला विचाराल तर इथे तो आपल्याच 'सोमा'च्या फार जवळ गेला. हे मला पटलेलं नाही.

१९५५ मध्ये मारिया कॅन्सरने गेली. पुढच्या वर्षी त्याने लॉरा आर्चेरा या व्हायोलिनवादक स्त्रीशी लग्न केलं. १९६१ च्या मे महिन्यात वणव्यात घर जळालं, पुस्तकं, पत्रं, सगळं खाक. त्यातून वाचलं ते 'आयलंड' या कादंबरीचं हस्तलिखित. १९६२ मध्ये आलेल्या या शेवटच्या कादंबरीत त्याने पाला नावाचं एक सुखी बेट रंगवलं. गंमत म्हणजे त्या बेटावरही मुलं चांगली निपजावीत म्हणून कृत्रिम रेतन आहे! मग 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'पेक्षा वेगळं काय? वेगळं एवढंच, की पालावर ते आईवडील आपल्या मर्जीने करतात, नको असेल तर नाही म्हणतात, आणि मूल कुशीतच वाढतं. तीस वर्षं विचार करून तो इथे पोचला. तंत्र तेच, पण ठरवतो कोण आणि नाही म्हणता येतं का, हा खरा प्रश्न.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, घशाच्या कॅन्सरने तो लॉस एंजेलिसला वारला. त्याच दिवशी अध्यक्ष केनेडींचा खून झाला, त्यामुळे हक्सले गेल्याची बातमी कोपऱ्यात गेली. १९७१ मध्ये त्याची रक्षा इंग्लंडला नेऊन आईवडिलांच्या थडग्यात ठेवली.

२०१८ मध्ये चीनमधल्या शेनझेन इथल्या एका शास्त्रज्ञाने जाहीर केलं की त्याने भ्रूणातली जनुकं बदलून दोन जुळ्या मुली जन्माला घातल्या आहेत. हेतू सांगितला एचआयव्हीपासून संरक्षणाचा. जगभर ओरड झाली आणि २०१९ च्या अखेरीस त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे आता ही कादंबरी राहिलेली नाही. पुढे ही यंत्रं, हे सॉफ्टवेअर कोण बनवणार? आपणच, इंजिनिअर! तेव्हा बाटल्यांच्या पट्ट्यावर एखादी चष्मेवाली बाटली आली, तर बटण दाबण्याआधी या उंच, अर्ध्या आंधळ्या माणसाची आठवण ठेवा.

माझा 'अनफिट'चा कागद मी अजून फाईलमध्ये ठेवलाय. पण आता त्याच्याकडे बघून पूर्वीसारखं वाईट वाटत नाही.

पुस्तक लायब्ररीत परत केलंय. मागचं कपाट, खालून दुसरा खण. जरूर वाचा… आणि वेळेवर परत करा, सर फाईन माफ करत नाहीत!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी