पळून न गेलेला राजपुत्र

मैत्रिणींनो, उपवासाला आपण हमखास उकडायला टाकतो तो बटाटा मूळचा कुठला, ठाऊक आहे? दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला! त्याच पर्वतात, आजच्या पेरू देशात, सुमारे सहाशे वर्षांपूर्वी इंका लोकांचा एक मोठा राजा होऊन गेला. पचाकुती त्याचं नाव.

इंकांचं कुस्को तेव्हा अगदी लहानसं राज्य होतं. मान्को कापाक आणि मामा ओक्लो हे मूळ जोडपं तितिकाका सरोवरातून आलं, त्याने पुरुषांना शेती शिकवली आणि तिने बायकांना सूत कातायला, विणायला शिकवलं, अशी त्यांची कथा.

पचाकुतीचं पहिलं नाव कुसी युपांकी. तो राजा विराकोचाचा धाकटा मुलगा, गादीचा वारस मात्र भाऊ उर्को. १४३८ च्या सुमारास शेजारच्या चांका लोकांनी कुस्कोवर चाल केली. राजा आणि वारस दोघेही शहर सोडून निघून गेले. कुसी मात्र थोड्या माणसांनिशी पाय रोवून उभा राहिला. चान्यान कोरी कोका नावाची एक स्त्रीही या लढाईत शौर्याने लढली, असं जुन्या बखरींत आहे बरं का! कुसी जिंकला, राजा झाला आणि त्याने पचाकुती, म्हणजे जग उलथवून टाकणारा, हे नाव घेतलं.

पण लढाई जिंकणं वेगळं आणि संसार चालवणं वेगळं, नाही का? त्याने कुस्को नव्याने बांधलं, सूर्यमंदिर सजवलं. डोंगरउतारावर पायऱ्यांची शेती वाढली, जागोजागी धान्याची कोठारं उभी राहिली. माचू पिचूही त्यानेच बांधून घेतलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. या लोकांकडे लिपी नव्हती, गाडी नव्हती, लोखंड नव्हतं. हिशेब ठेवायचे ते दोऱ्यांच्या गाठींत! बटाटे रात्रीच्या कडाक्यात गोठवायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचे. ते कित्येक वर्षं टिकत. आपल्या वाळवणासारखंच की!

याची दुसरी बाजूही आहे. जिंकलेल्या लोकांना गाव सोडून दूर वसवलं जाई. दहाएक वर्षांच्या देखण्या मुली निवडून घरातून नेत. त्यांनी राजासाठी उंची वस्त्रं विणायची, मक्याची दारू करायची. काहींची लग्नं राजाच्या मर्जीने लागत, तर काही देवाला बळी जात. त्यांच्या आयांना कुणी विचारलं असेल का?

१४७१ च्या सुमारास पचाकुती गेला. मुलगा तुपाक युपांकीने राज्य आणखी वाढवलं, पण १५३२ मध्ये स्पॅनिश आले आणि ते वैभव लयाला गेलं. अँडीजमधल्या बायका मात्र आजही चालता चालता सूत काततात, बटाटे वाळवतात. इतिहासात नाव राजाचं राहिलं, पण भरलेल्या कोठारांमागे अशाच कितीतरी अनाम हातांचे कष्ट होते. पचाकुतीची गोष्ट सांगताना त्यांचीही आठवण ठेवायला हवी.