विषाचे औषध करणारी मादाम क्यूरी

बोहेमियातील योआखिमस्टाल हे खाणींचे गाव. तेथील खाणकामगार छातीच्या एका असाध्य दुखण्याने अकाली मरत. ते दुखणे म्हणजे फुफ्फुसाचा कर्करोग होता आणि त्याचे कारण युरेनियमच्या खनिजातून निघून खाणीच्या हवेत साचणारा रेडॉन वायू हे होते, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. नवल असे की, कर्करोगावरचे एक प्रभावी औषध ज्या खनिजातून प्रथम हाती आले, ते याच खाणींतले. ते हाती आणणारी स्त्री म्हणजे मादाम मारी क्यूरी.

तिचे माहेरचे नाव मारिया स्क्लोदोव्स्का. ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा येथे एका शिक्षकाच्या घरी तिचा जन्म झाला. पोलंडवर तेव्हा रशियाची सत्ता होती आणि वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. मारिया आणि तिची थोरली बहीण ब्रॉन्या यांनी आपसांत एक करार केला. मारियाने श्रीमंतांघरी मुलांना शिकवून पैसे पाठवायचे, ब्रॉन्याने पॅरिसला डॉक्टर व्हायचे आणि मग धाकटीला बोलावून घ्यायचे. कित्येक वर्षे मारियाने दुसऱ्यांची मुले शिकवली. अखेर १८९१ मध्ये, चोविसाव्या वर्षी, ती सोरबोन विद्यापीठात दाखल झाली. थंडीवाऱ्यात, अर्धपोटी राहून तिने अभ्यास केला आणि १८९३ साली पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत पहिला क्रमांक पटकावला. १८९५ मध्ये पिअर क्यूरी या शास्त्रज्ञाशी तिचा विवाह झाला.

त्याच वर्षी राँटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढल्या वर्षी बेकेरेलला युरेनियममधून आपोआप निघणारे किरण आढळले. मारीने डॉक्टरेटसाठी हाच विषय घेतला. पिचब्लेंड हे खनिज त्यातील युरेनियमच्या मानाने फारच जास्त किरण फेकते, असे तिच्या मोजमापात दिसून आले. म्हणजे त्यात आणखी काहीतरी दडलेले असले पाहिजे! १८९८ साली या दांपत्याने पोलोनियम आणि रेडियम या दोन नव्या मूलद्रव्यांची घोषणा केली. पण हातात घेऊन दाखवण्याइतके रेडियम कोठे होते? योआखिमस्टालहून युरेनियम काढून घेतलेल्या खनिजाचा टाकाऊ चोथा पोत्यांनी आला. गळक्या छपराच्या शेडमध्ये मारीने तो उकळला, ढवळला, गाळला. कित्येक टन चोथ्यातून १९०२ साली एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड हाती आले!

रेडियमने कातडी भाजते, हे पिअरनी स्वतःच्या हातावर प्रयोग करून पाहिले. जे निरोगी कातडी जाळते, ते रोगट पेशीही जाळील, या विचाराने पॅरिसच्या डॉक्टरांनी त्वचारोगांवर ते वापरून पाहिले आणि रेडियमच्या किरणोपचाराला आरंभ झाला. रेडियमला सोन्याहून कितीतरी अधिक भाव आला. तरीही क्यूरी दांपत्याने आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले नाही; विचारील त्याला सारी कृती सांगितली. १९०३ साली दोघांना बेकेरेलसह नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६ मध्ये घोडागाडीखाली सापडून पिअर गेले. बाईंनी त्यांच्या जागी सोरबोनमध्ये शिकवायला सुरुवात केली. १९११ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना सभासदत्व नाकारले आणि त्याच वर्षी दुसरे नोबेल त्यांच्याकडे चालत आले.

त्या वर्षीच्या आणखी एका कामाची चर्चा फारशी होत नाही. सुमारे २२ मिलिग्रॅम रेडियम क्लोराइड काचेच्या नळीत बंद करून बाईंनी रेडियमचे आंतरराष्ट्रीय प्रमाण सिद्ध केले. औषध आणि विष यांत अंतर असते ते मात्रेचे, आणि मापाशिवाय मात्रा ठरत नाही. पुढे त्यांच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. रगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, एकदम मोठा मारा करण्याऐवजी तो अनेक दिवसांत विभागून दिला, तर गाठ मरते आणि भोवतालची निरोगी पेशी तगून राहते. आजच्या किरणोपचाराचा हा पाया होय.

पहिल्या महायुद्धात बाईंनी क्ष-किरणांच्या गाड्या रणभूमीवर नेल्या. १९२१ मध्ये संशोधनासाठी आणखी रेडियम घेण्याची ऐपत त्यांच्याकडे नव्हती. तेव्हा अमेरिकन स्त्रियांनी वर्गणी काढून एक लाख डॉलरचे एक ग्रॅम रेडियम त्यांना भेट दिले. तेही त्यांनी प्रयोगशाळेच्या नावे केले.

जगाला माप देणाऱ्या या बाईंनी स्वतःच्या अंगावर पडलेल्या किरणांचे माप मात्र कधी ठेवले नाही. ४ जुलै १९३४ रोजी रक्तक्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या वह्या आजही किरणोत्सर्गी आहेत आणि शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत.

त्याच वर्षी त्यांची कन्या इरेन आणि जावई फ्रेडरिक जोलिओ यांनी कृत्रिम किरणोत्सर्गाचा शोध लावला. त्या वाटेने पुढे कोबाल्टचे उपचारयंत्र आले. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेले भाभाट्रॉन हे त्याच कुळातले. फुफ्फुसाचा कर्करोग मात्र दीर्घकाळ हाती लागत नव्हता. हा अवयव खोल, नाजूक आणि श्वासागणिक हलणारा; त्यामुळे नेम धरणार कसा? सी.टी. स्कॅनने गाठीची जागा नेमकी कळू लागली आणि प्रवेगक यंत्रांनी खोलवर पोहोचणारे किरण दिले. १९९० नंतरच्या दशकात स्टॉकहोमच्या डॉक्टरांनी अनेक दिशांनी बारीक शलाका एकाच बिंदूवर आणून थोड्याच बैठकांत मोठी मात्रा देण्याचा मार्ग घालून दिला. आता श्वासाच्या लयीशी यंत्राचा मेळ घालता येतो. शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या रुग्णाची लहान गाठ, वेळीच सापडल्यास, अशा उपचाराने पुष्कळदा आटोक्यात आणता येते.

ज्या खनिजाने खाणकामगारांची फुफ्फुसे पोखरली, त्याच्याच अभ्यासातून फुफ्फुसे वाचवणारी विद्या निघाली. ती सर्वांसाठी खुली राहिली, कारण एका गरीब संशोधिकेने तिच्यावर स्वतःची मालकी सांगितली नाही. शिकून मिळवलेले ज्ञान कोणाचे, हा प्रश्न आपल्यापुढेही उद्या येणार आहे. मादाम क्यूरींनी त्याचे उत्तर आपल्या आयुष्याने देऊन ठेवले आहे.