कॉडमनचा त्रिकोण

वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना अर्नेस्ट अ‍ॅमरी कॉडमन हे नाव एका त्रिकोणामुळे ठाऊक असते. मला मात्र त्या त्रिकोणापेक्षा तो माणूस अधिक मोठा वाटतो.

त्याचा जन्म बोस्टनचा, १८६९ सालचा. हार्वर्डमधून तो १८९५ साली डॉक्टर झाला आणि त्याच वर्षअखेरीस रोंटगेनने क्ष-किरण शोधले. कॉडमनने ती नवी विद्या लगोलग हस्तगत केली. पण स्वभाव हट्टी! शस्त्रक्रियेनंतर रोग्याचे पुढे काय झाले ते तपासावे आणि चुका उघड नोंदवाव्यात, असा त्याचा आग्रह. त्यापायी १९१४ साली त्याने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल सोडले. पुढच्याच वर्षी भर सभेत त्याने वाळूत डोके खुपसलेल्या शहामृगाचे व्यंगचित्र लावले आणि हार्वर्डचे अध्यापकपदही गमावले. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातल्या ३३७ रोग्यांमागे १२३ चुका त्याने आपण होऊन छापल्या. आपल्यापैकी किती जण हे करतील?

१९२० साली त्याने हाडांच्या कर्करोगाची नोंदवही सुरू केली. देशभरच्या शल्यचिकित्सकांकडून क्ष-किरण चित्रे आणि गाठींचे काप मागवले. त्या काळी या रोगावर मुख्य उपाय म्हणजे हात किंवा पाय कापणे. तेव्हा गाठ खरोखर कर्करोगाचीच आहे ना, या प्रश्नावर माणसाचा पाय अवलंबून असे. 'बऱ्या झालेल्या' रोग्यांची चित्रे पुन्हा तपासता त्यांतल्या कित्येकांना मुळात तो कर्करोग झालाच नव्हता, असे निघाले.

असे का व्हावे? हाडावरचे पातळ आवरण खालून उचलले गेले की कडेला नवे हाड साचते आणि चित्रात त्रिकोण उमटतो. तोच कॉडमनचा त्रिकोण. आवरण उचलणारा कर्करोग असेल, किंवा हाडात झालेला पूही असेल. त्रिकोण दोन्हीकडे सारखाच दिसतो. मांडीला जबर मार बसल्यावर स्नायूतही हाड तयार होते. त्याची कड दाट आणि मध्य विरळ असतो. कर्करोगात बहुधा उलट. पण हा फरक दिसायला काही आठवडे जावे लागतात, आणि तेवढा धीर घाबरलेल्या घरात कुठून आणायचा?

दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला होणाऱ्या काही गाठी त्याने १९३१ साली वेगळ्या ओळखल्या. १९४० साली तो स्वतः कर्करोगाने वारला. त्याच्या थडग्यावर २०१४ पर्यंत साधा दगडही नव्हता. त्या गाठी सौम्य असल्याचे जॅफे आणि लिख्टेन्स्टाईन यांनी १९४२ साली मांडले. आजही पुष्कळ डॉक्टर त्यांना कॉडमनच्याच नावाने ओळखतात.